पाणी, काजळी आणि जुना संगणक

घरगुती संगणकात खऱ्या अर्थाने झिजणारे भाग थोडे असतात. फिरणारे पंखे, फिरणारी हार्ड डिस्क, वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसमधले आणि मदरबोर्डवरचे कॅपॅसिटर, घड्याळ चालवणारा बटणासारखा सेल आणि शेजारच्या यूपीएसची बॅटरी, एवढ्यांचेच आयुष्य वर्षांत मोजावे लागते. प्रोसेसर आणि रॅम यांत हलणारे काही नसते. ते पंधरा-वीस वर्षेही मुकाट चालतात. म्हणून दहा-बारा वर्षांचा संगणक मंदावला, हँग होऊ लागला किंवा मध्येच बंद पडू लागला, तर आधी कोणता भाग थकला आहे ते शोधावे लागते. बहुतेक वेळा तो भाग नव्या संगणकाच्या किमतीच्या अगदी लहान हिश्श्यात बदलून मिळतो.

शिरोळ तालुक्यातली नृसिंहवाडी, लोकांच्या तोंडची नरसोबाची वाडी, कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर वसली आहे. पुण्या-मुंबईत संगणक झिजतो तसाच तो इथेही झिजतो. पण त्याला लवकर थकवणाऱ्या चार गोष्टी इथे अधिक जोरकस आहेत: वळवाच्या विजा, पावसाळ्याची ओल, ऊसपट्ट्यातली काजळी आणि महापूर. त्यामुळे देखभालीचे वेळापत्रक ऋतूंप्रमाणे लावणे सोयीचे पडते.

संगणक विकत घेण्यापेक्षा तो चालता ठेवणे अवघड, हा अनुभव कोल्हापूर जिल्ह्याला नवा नाही. १९९८ साली वारणानगरच्या सहकारी संस्थांभोवतीच्या ७० गावांत ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. गावोगावच्या केंद्रांत संगणक बसले आणि शेतकऱ्याला आपल्या उसाचे वजन, बिल, खताची उचल गावातच कळू लागली. ग्रामीण भारतातला तो अगदी सुरुवातीचा आणि मोठा प्रयोग होता. पण संगणक जुने होत गेले, तसा त्यांच्या दुरुस्तीचा आणि जोडणीचा खर्च कामाच्या मानाने जड जाऊ लागला. २००६-०७च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधन विभागाने तिथल्या सात गावांत संगणकांऐवजी मोबाइलवरच्या एसएमएसने तीच कामे करून पाहिली आणि ती चालली. वारणेचे पाणी हरिपूरजवळ कृष्णेला मिळून पुढे वाडीकडेच येते. हवा तीच, विजेचे चढउतार तेच. वारणेच्या केंद्रांना दुरुस्तीसाठी निदान संस्थेचे पाठबळ तरी होते. घरगुती संगणकाला ते नसते, त्याची देखभाल घरातल्याच कोणाला तरी अंगावर घ्यावी लागते.

वर्षातले पहिले काम वळवाच्या आधीचे. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर आभाळ भरून येते आणि विजांसह पाऊस कोसळतो. जवळपास पडलेल्या विजेचा झटका दोन वाटांनी घरात येतो: विजेच्या तारेतून, आणि फोनच्या किंवा इंटरनेटच्या तांब्याच्या तारेतून. पहिली वाट सगळ्यांच्या लक्षात असते, दुसरी बहुतेक विसरतात; मग यूपीएस शाबूत आणि मोडेमसह मदरबोर्ड गेलेला, असा प्रकार घडतो. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. गडगडाट ऐकू आला की पिन सॉकेटमधून काढावी आणि मोडेमची तारही सोडवावी. घरात येणारी इंटरनेटची केबल फायबरची असेल तर तिच्यातून वीज येत नाही, पण तिच्या डब्याचा अ‍ॅडॅप्टर विजेवरच चालतो, हे ध्यानात ठेवावे.

त्याच सुमारास अर्थिंग तपासून घ्यावे. जुन्या वाड्यांत तीन पिनांचे सॉकेट असते, पण तिसऱ्या पिनेमागे तार असतेच असे नाही. लोखंडी कॅबिनेटला उलटा हात लावल्यावर झिणझिण्या येतात, ते याचेच लक्षण. एसएमपीएसच्या आत विजेचा गोंगाट गाळण्यासाठी दोन लहान कॅपॅसिटर कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थिंग चालू असेल तर त्यांतून येणारा किंचित प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर कॅबिनेटवर २३० व्होल्टच्या निम्म्याच्या आसपास दाब तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा असल्याने माणसाला फारसा धोका नसतो, पण पेन ड्राइव्ह किंवा प्रिंटर जोडताना त्याच दाबाने पोर्ट जळू शकतो. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालून उन्हाळ्यात पाणी ओतण्याची जुनी रीत आजही तितकीच उपयोगाची आहे. एसएमपीएसच्या मागे लाल सरकते बटण असेल तर त्यावर ‘२३०’ हाच आकडा दिसला पाहिजे. सफाई करताना ते चुकून ‘११५’कडे सरकले, तर पुढच्या क्षणी मोठा आवाज होतो आणि एसएमपीएस संपतो.

यूपीएसच्या बाबतीत एक गैरसमज घरोघर आढळतो: तो पेटतो म्हणजे तो चालतो. घरगुती यूपीएसमध्ये साधारणपणे १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बंद शिशाची बॅटरी असते आणि ती दोन-तीन वर्षांत थकते. उष्णता दर दहा अंशांनी वाढली की तिचे आयुष्य निम्म्यावर येते, असा ढोबळ हिशेब आहे. पत्र्याखालच्या माडीवर ती म्हणूनच आधी जाते. दोन महिन्यांतून एकदा फाइली जतन करून, यूपीएसची पिन काढून, संगणक किती मिनिटे तग धरतो ते घड्याळावर पाहावे. पाच मिनिटेही निघत नसतील तर बॅटरी बदलावी. ती फुगली असेल तर परीक्षेची वाट पाहू नये. लाइट गेल्यावर संगणक धाडकन बंद पडणे हे जुन्या हार्ड डिस्कच्या मरणाचे मोठे कारण असते आणि नवी बॅटरी नव्या डिस्कपेक्षा स्वस्त पडते.

जूनपासून ओल सुरू होते. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता कित्येक दिवस ८०-९० टक्क्यांच्या घरात असते, भिंती पाझरतात, पुस्तकांना बुरशी धरते. संगणकात हीच ओल रॅमच्या आणि केबलच्या जोडांवर बसते. सुरू केल्यावर पडद्यावर काहीच न येता कॅबिनेटमधून लांब शिट्टीसारखे आवाज येतात, ते बहुधा रॅमचा स्पर्श नीट होत नसल्यामुळे. रॅम काढून तिची सोनेरी पट्टी पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसावी, कण ब्रशने झटकावेत आणि ती ‘टक’ आवाज येईपर्यंत परत बसवावी. पॉलिश पेपर लावू नये; सोन्याचा थर अत्यंत पातळ असतो आणि तो गेला की खालचे तांबे आणखी लवकर काळवंडते.

ओलीवरचा खरा उपाय म्हणजे वापर. पावसाळ्यात दिवसाआड तासभर तरी संगणक चालू ठेवला, की त्याच्या स्वतःच्या उष्णतेने आतला दमटपणा निघून जातो. महिनोन्‌महिने बंद ठेवलेला संगणक रोज चालणाऱ्यापेक्षा लवकर बिघडतो, हे ऐकायला उलटे वाटते पण या हवेत खरे आहे. संगणक थंड झाल्यावर लगेच प्लॅस्टिकचे कव्हर चढवणे ही चांगल्या हेतूने केली जाणारी चूक आहे. त्याखाली ओल कोंडते आणि झुरळांना आसरा मिळतो. सुती कापड पुरते. कॅबिनेट जमिनीवर न ठेवता वीतभर उंच पाटावर आणि ओल्या भिंतीपासून दूर ठेवावे. मागच्या रिकाम्या खाचांच्या पट्ट्या हरवल्या असतील तर त्या बसवून घ्याव्यात. तिथून शिरलेली पाल एसएमपीएसमध्ये अडकून शॉर्ट होणे हा कोकणापासून देशापर्यंतच्या दुरुस्तीवाल्यांचा नेहमीचा अनुभव आहे.

आणि मग पूर. वाडीला पाण्याचे भय वाटत नाही, असे बाहेरचे लोक म्हणतात. पुराचे पाणी दत्तमंदिरातल्या पादुकांवरून वाहत दक्षिणद्वारातून बाहेर पडते, तेव्हा दक्षिणद्वार सोहळा होतो आणि स्नानासाठी गर्दी लोटते. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात नेली जाते. पाण्याच्या पायरीपायरीबरोबर काय कधी हलवायचे याची रीत गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पण २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी नेहमीच्या खुणा ओलांडल्या. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली. वाडीत दोन नद्यांचे पाणी एकमेकांवर येते, त्यामुळे पंचगंगा उतरू लागली तरी कृष्णेच्या फुगवट्याने पाणी लवकर हटत नाही.

संगणकाच्या बाबतीत हलवण्याचा क्रम ठरवून ठेवला पाहिजे, आणि त्यात पहिला मान माहितीचा. कॅबिनेट, पडदा, प्रिंटर पुन्हा मिळतात. मुलांचे लहानपणचे फोटो, शेताचे कागद, हिशेब मिळत नाहीत. जगभर मान्य असलेला साधा नियम असा: प्रत्येक महत्त्वाच्या फाइलच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक घराबाहेर. वाडीपुरता या नियमाचा अर्थ ‘घराबाहेर’ म्हणजे पूररेषेबाहेर, असाच घ्यायला हवा. कुरुंदवाडच्या पाहुण्यांकडे ठेवलेली प्रत त्याच पाण्यात सापडू शकते. पुण्यातल्या लेकीकडे ठेवलेली किंवा इंटरनेटवरच्या साठवणीत चढवलेली सापडत नाही. ही प्रत मे महिन्यात ताजी करावी. धोका पातळीची बातमी आल्यावर वीज आणि इंटरनेट दोन्ही कधी जातील याचा नेम नसतो, आणि पाचशे जीबीची हार्ड डिस्क उतरवून घ्यायला कित्येक तास लागतात.

घर सोडायची वेळ आलीच आणि सगळे नेता येत नसेल, तर निदान हार्ड डिस्क काढून न्यावी. दोन केबल आणि चार स्क्रू, इतकेच ते काम. कोरड्या दिवशी एकदा करून पाहिलेले असले की ऐनवेळी हात थरथरत नाहीत. डिस्क जाड कापडात गुंडाळून झाकणाच्या घट्ट डब्यात ठेवावी. उरलेले कॅबिनेट माडीवर, आणि माडी नसेल तर माळ्यावर. २०१९ ला अनेक घरांत टेबलावर चढवून ठेवलेल्या वस्तूही बुडाल्या, तेव्हा टेबलाला उंची समजू नये.

बुडालेला संगणक पाणी ओसरल्यावर चालू करून पाहण्याचा मोह आवरणे, हा पुरानंतरचा सर्वांत मोठा उपाय. पाण्यापेक्षा त्यातला गाळ आणि क्षार घातक असतात. वीज नसताना बुडलेला बोर्ड पुष्कळदा वाचतो, पण ओला असताना वीज मिळाली की क्षणात जळतो. आधी बटणाचा सेल काढावा, कारण तो सतत वीज देत असतो आणि ओल्या बोर्डावर गंज वाढवतो. मग हातमोजे घालून, कारण पुराच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले असते, मदरबोर्ड आणि रॅम स्वच्छ पाण्याने मऊ ब्रशने धुवावीत, शेवटचे पाणी बॅटरीत घालण्याचे डिस्टिल्ड वॉटर असावे. चार-पाच दिवस सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर वाळू द्यावे. एसएमपीएस वाचवण्याच्या भानगडीत पडू नये. त्यात मोठा दाब साठून राहतो आणि आतला गाळ निघत नाही. तो बदलावाच.

बुडालेली हार्ड डिस्क ही वेगळी गोष्ट. तिच्या झाकणावर हवेचा दाब सारखा राखण्यासाठी एक बारीक छिद्र असते आणि त्यातून पाणी आत जाते. आत तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि वाचणारे डोके तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगते. गाळाचा एक कण तिथे डोंगराएवढा ठरतो. अशी डिस्क चालू करू नये, उघडू नये, उन्हात वाळवूही नये, कारण आतला गाळ सुकून तबकडीला चिकटतो. ओलसर कापडात, बंद पिशवीत घालून ती माहिती परत काढणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवावी. हे काम महाग असते आणि यशाची हमी नसते. धुऊन पुन्हा सुरू झालेल्या मदरबोर्डावरही फार विसंबू नये. जोडांत राहिलेला गंज काही महिन्यांनी डोके वर काढतो, म्हणून तो चालू झाल्या दिवशीच सगळी माहिती उतरवून घ्यावी.

पावसाळा सरला की नवरात्र. खंडेनवमीला शस्त्रांबरोबर संगणकाचीही पूजा अनेक घरांत होते, आणि वर्षाची मोठी सफाई त्याच्या आदल्या दिवशी करण्याइतका चांगला मुहूर्त नाही. मात्र हळद-कुंकू आणि अक्षता पडद्याच्या चौकटीला किंवा कॅबिनेटच्या दर्शनी भागाला लावाव्यात. वरच्या जाळीत पडलेले कुंकू पंखा ओढून घेतो आणि ते थेट प्रोसेसरवरच्या पात्यांत जाऊन बसते.

सफाईसाठी कॅबिनेट अंगणात न्यावे. पिन काढल्यावर चालू करायचे बटण एकदा दाबून ठेवावे, म्हणजे उरलेली वीज निघून जाते, आणि आत हात घालण्याआधी लोखंडी सांगाड्याला स्पर्श करावा. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरावे. ते वाऱ्याने गरगर फिरले तर बेअरिंग झिजते. व्हॅक्यूम क्लीनरचे प्लॅस्टिकचे तोंड बोर्डाजवळ नेऊ नये, कारण त्याच्यावर स्थिर वीज साठते. या पट्ट्यात नुसत्या ब्लोअरने भागत नाही. हंगामात उसाचे पाचट पेटवतात, तेव्हा काजळीच्या कात्र्या अंगणात आणि खिडकीत येऊन पडतात. त्यात देवघरातला धूप आणि कापूर, स्वयंपाकघरातली तेलाची वाफ मिसळली की प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये चिकट काळा थर बसतो. पेढे-बासुंदीची कढई ज्या घराच्या खाली रटरटते, तिथे तो आणखी लवकर धरतो. हा थर कोरड्या वाऱ्याने उडत नाही. पंखा उतरवून रंगाच्या बारीक ब्रशाने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो काढावा लागतो.

संगणक मंद होण्याचे हे लपलेले कारण आहे. प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ पोहोचला की जळू नये म्हणून स्वतःचा वेग कमी करतो. घरातल्यांना वाटते विंडोज बिघडली. ‘फॉरमॅट मारून’ आणले तरी फरक पडत नाही, कारण बिघाड काजळीत असतो. हीटसिंक उतरवलाच आहे तर त्याखालची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी. मुगाच्या दाण्याएवढा ठिपका पुरतो. त्याच वेळी मदरबोर्डवरच्या कॅपॅसिटरची डोकी पाहावीत. ती सपाट असायला हवीत. फुगलेली किंवा वरून तपकिरी द्रव आलेली असतील तर संगणक आपोआप रीस्टार्ट होण्याचे कारण सापडले. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष कॅपॅसिटर जगभरच्या मदरबोर्डांत गेले होते, आणि त्या काळचे संगणक अजून चालू असलेल्या घरांत हे हमखास दिसते. डाग देणारा चांगला कारागीर ते बदलून देतो. घड्याळ मागे पडत असेल, आणि वेबसाइट उघडताना सुरक्षिततेचा इशारा येत असेल, तर तीन व्होल्टचा सीआर २०३२ हा सेल संपला आहे. तारीख चुकली की सुरक्षा प्रमाणपत्रे संगणकाला खोटी वाटतात.

जुन्या संगणकावर एकच खर्च करायचा ठरवला, तर तो फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवण्याचा करावा. इतका फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही. फिरत्या डिस्कला हवी ती जागा शोधायला दहा-बारा मिलिसेकंद लागतात, एसएसडीला त्याच्या शंभराव्या भागाहून कमी. दुसरा खर्च रॅमचा: चार जीबीची आठ करावी. पण आधी डीडीआर२, डीडीआर३ की डीडीआर४ हे पाहावे, कारण एकीची खाच दुसरीत बसत नाही. आणि विंडोज ३२ बिटची असेल तर चार जीबीच्या वरची रॅम तिला दिसतच नाही. काढलेली हार्ड डिस्क चांगली असेल तर बाहेरच्या डब्यात घालून प्रतीसाठी वापरता येते. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’सारखे मोफत साधन तिची प्रकृती दाखवते; बदललेल्या सेक्टरांचा आकडा वाढत असेल किंवा टकटक आवाज येत असेल तर तिच्यावर भरवसा ठेवू नये.

विंडोजची झाडलोट त्यामानाने सोपी. संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारे प्रोग्राम बंद करावेत, डिस्कचा पाचवा हिस्सा मोकळा ठेवावा. फिरत्या डिस्कला डीफ्रॅग उपयोगी पडते, एसएसडीला ते करू नये. संगणक ‘वेगवान करण्याचे’ वचन देणारी फुकट साधने टाकूच नयेत. त्यांतली पुष्कळशी स्वतःच ओझे असतात.

मराठी घरातला संगणक जुना असूनही टाकवत नाही, याला एक कारण आहे आणि ते दुरुस्तीच्या पुस्तकांत सापडत नाही. २००० च्या आसपास आणि नंतरही कितीतरी वर्षे घरोघर स्तोत्रे, आरत्या, वंशावळी, लग्नपत्रिका, ग्रंथांची हस्तलिखिते श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव, शिवाजी अशा फाँटांत टंकित झाली. या पद्धतींत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवलेली असत आणि प्रत्येक पद्धतीची मांडणी वेगळी. फाँट नसलेल्या संगणकावर ती फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा निरर्थक कचरा दिसतो. काही प्रणालींना कॅबिनेटच्या मागे लावायचे परवान्याचे इलेक्ट्रॉनिक कुलूप लागे. ते ज्या प्रिंटर पोर्टवर बसे, तो पोर्ट नव्या संगणकांना नसतोच. परिणामी आजोबांनी वर्षानुवर्षे बसून टंकलेला मजकूर एका थकलेल्या यंत्रात अडकून पडतो. त्या यंत्राची देखभाल करण्याइतकेच त्यातला मजकूर युनिकोडमध्ये आणणे निकडीचे आहे. त्यासाठीची परिवर्तक साधने मोफत मिळतात. रूपांतरानंतर रफार, ‘श्र’, ‘क्ष’ आणि पोटफोड्या ‘ष’ची जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावी लागतात, कारण चुका तिथेच होतात. मूळ फाइल, तिचा फाँट आणि छापलेल्या पानाची पीडीएफ, तिन्ही एकत्र ठेवावीत. पुढच्या वाचकाला त्यांपैकी कशाचा आधार लागेल हे आज सांगता येत नाही.

यंत्र सुदृढ असले तरी त्यावरची प्रणाली कालबाह्य होते. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. घरगुती ग्राहकांना वाढीव सुरक्षा घेण्याची सोय त्यानंतर एका वर्षाची. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या किंवा त्यानंतरच्या पिढीचा प्रोसेसर लागतो, म्हणजे २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक बाद. अशा संगणकावर लिनक्स मिंट उत्तम चालते, त्याची हलकी आवृत्ती चार जीबी रॅममध्येही हँग होत नाही, आणि इन्स्क्रिप्ट कळफलकाने युनिकोड मराठी त्यात सहज लिहिता येते. टाकण्याआधी पेन ड्राइव्हवरून ते चालवून प्रिंटर आणि वायफाय ओळखले जातात का, हे पाहून घ्यावे. बँकेचे व्यवहार मात्र एक्सपी किंवा विंडोज ७ वर करू नयेत. जुनी फाइल उघडण्यापुरता असा संगणक इंटरनेटशिवाय ठेवावा.

मदरबोर्ड गेला आणि त्याच्या जोडीचा दुसरा मिळेना, की देखभाल संपते. तरी कॅबिनेट भंगारवाल्याला सरसकट देऊ नये. सोल्डरमध्ये आणि जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये शिसे असते, तारा उघड्यावर जाळल्या की विषारी धूर होतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असा कचरा नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे जायला हवा. त्याआधी रॅम, पंखा आणि चालू एसएमपीएस काढून ठेवावेत, ते दुसऱ्या जुन्या संगणकाला उपयोगी पडतात. हार्ड डिस्क घरीच ठेवावी किंवा तबकडीला ड्रिलने भोक पाडून द्यावी. नुसते ‘डिलीट’ केलेले फोटो आणि बँकेचे कागद तिच्यातून परत काढता येतात.